कानडा म्हणजे कानडाच

विठ्ठलाला 'कानडा' आणि 'कर्नाटकु' ही दोन विशेषणे ज्ञानदेवांनी लावली, त्याला आता सातशेहून अधिक वर्षे लोटली. पांडुरंगाच्या कांतीचे वर्णन करणारा तो अभंग आपल्या हुबळी-धारवाडच्या देवळांत एकादशीला, सप्ताहात, पालखीपुढे आणि घरच्या भजनातही आवडीने म्हटला जातो. मात्र या दोन शब्दांचा एक ठरावीक अर्थ कीर्तनांतून, प्रवचनांतून आणि भजनी पुस्तिकांच्या तळटिपांतून सांगितला जात असतो. 'कानडा' म्हणजे अगम्य, आकळण्यास कठीण. 'कर्नाटकु' म्हणजे नाना नाटके करणारा, लीलालाघवी. एवढ्यावर कोणाचीच हरकत असण्याचे कारण नाही. परंतु अर्थ सांगणारे तेथे थांबत नाहीत. कन्नड भाषेशी किंवा कर्नाटक देशाशी या शब्दांचा काडीमात्र संबंध नाही, आणि तसा तो जोडणे हे अडाणीपणाचे लक्षण होय, असे ते पुढे ठासून सांगतात. आणि श्रोतृवर्ग माना डोलावतो.

या दुसऱ्या विधानाला आमचा स्पष्ट विरोध आहे. ते शब्दशास्त्राला धरून नाही, इतिहासाला धरून नाही, आणि ज्या समाजापुढे ते केले जाते त्या समाजाच्या हिताचे तर मुळीच नाही.

हा वाद केवळ कोशातल्या दोन ओळींचा असता, तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. पण देवळाच्या सभामंडपात पुढच्या रांगेत कोण बसलेले असते ते पाहा. घरी कोकणी बोलणारी, देवापुढे मराठी अभंग म्हणणारी आणि शाळेत कन्नड शिकणारी मुले तेथे असतात. ज्या भाषेत ती पाढे म्हणतात, मित्रांशी भांडतात आणि समेटही करतात, त्या भाषेचे नाव देवाला लागलेले त्यांना ऐकू येते. आणि लगेच कोणी वडीलधारा सांगतो, छे, ते त्या भाषेचे नाव नव्हेच, तो तर फार वरच्या पातळीवरचा अर्थ आहे. मुलाने यातून काय घ्यावे? आपल्या शाळेची भाषा देवाच्या अंगाला लागणे हे जणू विटाळासारखे आहे, हेच ना? असा धडा देवळात दिला जावा, हे आम्हांला सोसत नाही.

आता शब्दाकडे वळू. या नावाचे मूळ द्राविडी आहे, याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो पहिल्या पदाविषयी. 'करु' म्हणजे उंच, म्हणून 'करुनाडु' म्हणजे पठारावरचा देश, असे कोणी म्हणतात. 'करि' म्हणजे काळी, म्हणून काळ्या मातीचा देश, असे दुसरे म्हणतात. धारवाडहून नवलगुंदाकडे किंवा गदगकडे ज्याने पावसाळ्यानंतर एकदा प्रवास केला आहे, त्याला दुसरी व्युत्पत्ती अधिक पटेल. सह्याद्रीचा घाट चढून जो वर आला आहे, त्याला पहिली पटेल. 'नाडु' म्हणजे देश, यात मात्र शंका नाही. 'सिलप्पदिगारम्' या प्राचीन तमिळ काव्यात 'करुनाडर' असा या देशीच्या लोकांचा उल्लेख येतो. राष्ट्रकूट नृपतुंगाच्या काळी, इसवी सनाच्या नवव्या शतकात रचलेल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा प्रदेश तो कन्नड नाडू, अशी सीमाच आखून दिली आहे.

हेच नाव संस्कृतात गेले आणि 'कर्णाट' झाले. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त ते देशांच्या यादीत आहे. राष्ट्रकूट दंतिदुर्गाच्या इ. स. ७५४ च्या सामनगड ताम्रपटात बदामीच्या चालुक्यांचे सैन्य 'कर्णाटक' या नावाने उल्लेखिले आहे. हा सामनगड कोल्हापूर जिल्ह्यात आहे, हे येथे मुद्दाम ध्यानात ठेवावे. संस्कृत पंडितांना परक्या शब्दाचीही व्युत्पत्ती घरातच लावण्याची हौस असल्याने, जो कानांत फिरतो, म्हणजे ज्याची कीर्ती सर्वांच्या कानी जाते तो कर्णाट, असेही त्यांनी सांगून ठेवले. ही कल्पना गोड आहे. पण ती कल्पना आहे. ध्वनी जुळला की अर्थही जुळलाच पाहिजे, असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कन्नडमध्ये 'कन्नडि' असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ आरसा. तो 'कण्' म्हणजे डोळा यापासून निघाला. तेवढ्यावरून कन्नड भाषा म्हणजे आरशाची भाषा, असे कोणी म्हणू लागला, तर आपण हसू. 'कर्नाटक' म्हणजे नाटक करणारा, हे ऐकून मात्र आपण हसत नाही, टाळ्या वाजवतो.

मराठीतला 'कानडा' कोठून आला? यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. संस्कृतातला 'कर्ण' प्राकृतात 'कण्ण' झाला आणि मराठीत 'कान' झाला. 'पर्ण' हे 'पण्ण' होऊन 'पान' झाले. 'कर्म' हे 'कम्म' होऊन 'काम' झाले, 'सप्त' हे 'सत्त' होऊन 'सात' झाले. जोडाक्षर सैल झाले की आधीचा स्वर लांबवायचा, ही आपल्या भाषेची जुनी रीत आहे. त्याच रीतीने 'कर्णाट' हे 'कण्णाड' होऊन 'कानडा' झाले. कन्नडने ते द्वित्त जपले आणि 'कन्नड' म्हटले. मराठीने ते सोडून स्वर दीर्घ केला आणि 'कानडा' म्हटले. 'कन्नड' आणि 'कानडा' ही एकाच घरातली दोन भावंडे आहेत. आपल्या गावाचेच नाव घ्या. २०१४ पासून सरकारदप्तरी ते हुबळ्ळी झाले आहे. मराठी जिभेवर ते हुबळीच राहते. एकीकडे ठसका आहे, दुसरीकडे सैलपणा आहे. नाव एकच आहे, आणि त्यात कोणाचा अपमानही नाही.

तेव्हा 'कानडा' या शब्दाचा पहिला, मूळचा आणि सरळ अर्थ कर्नाटकाचा, कन्नड बोलणारा, हाच होय. मग अगम्य, दुर्बोध हा अर्थ खोटा का? मुळीच नाही. जुन्या मराठीत 'कानडे' हा शब्द गूढ, न उलगडणारे या अर्थी येतो आणि कोशकारांनी तो नोंदवलेला आहे. प्रश्न एवढाच की, हा अर्थ त्या शब्दाला लागला कसा? त्याचे उत्तर तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात सापडते. कानडी बायको आणि मराठी नवरा यांचा संसार त्यांनी तेथे रंगवला आहे. एकाचे बोलणे दुसऱ्याला उमगत नाही, आणि त्यातून गंमत आणि गोंधळ दोन्ही उडतात. शेजाऱ्याची भाषा आपल्याला कळत नाही, म्हणून जे जे कळत नाही त्याला शेजाऱ्याच्या भाषेचे नाव द्यायचे, ही माणसाची जगभरची खोड आहे. ग्रीकांनी परभाषिकांना बडबड करणारे म्हणून 'बार्बारोस' म्हटले. आपल्याकडे 'म्लेच्छ' हा शब्द अस्पष्ट बोलण्यावरूनच निघाला. स्लाव लोक जर्मनांना ज्या नावाने ओळखतात, त्याचे मूळ मुके या शब्दात आहे. इंग्रज माणसाला काही उमगले नाही की तो त्याला ग्रीक म्हणतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त सहाव्या अंकात चंदनक नावाचा दाक्षिणात्य शिपाई, आम्हां दक्षिणेकडच्यांचे बोलणे अस्पष्टच, अशी सबब सांगतो आणि वेळ मारून नेण्यासाठी कर्णाटांचे भांडण उकरून काढतो. म्हणजे कर्नाटकाचे नाव आणि न कळणारे बोलणे यांची सांगड उत्तरेकडे ज्ञानदेवांच्या कितीतरी आधी पडलेली होती.

आता येथे विचार करावा. 'कानडा' या शब्दाला अगम्य हा अर्थ आला तो कन्नड भाषा मराठी माणसाला अगम्य वाटली म्हणून. पहिला अर्थ हा पाया, दुसरा अर्थ हा त्यावरचा मजला. पाया नाही असे सांगून मजला दाखवणाऱ्याला काय म्हणावे? जो म्हणतो की या शब्दाचा कन्नडशी संबंध नाही, तो आपल्याच लाडक्या अर्थाच्या मुळावर कुऱ्हाड घालतो आहे, एवढेही त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरे असे की, ज्ञानदेवांनी एक शब्द वापरलेला नाही, दोन वापरले आहेत. 'कानडा' हा शब्द एकटा असता, तर त्याचा अर्थ काय घ्यावा याविषयी वाद घालता आला असता. पण त्याच्या शेजारीच 'कर्नाटकु' उभा आहे. एकाच देशाची ही दोन नावे, एक लोकांच्या तोंडचे आणि एक संस्कृताच्या वळणाचे, एकाशेजारी एक ठेवली, की पहिल्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याने पक्का होतो. नाटक करणारा हा अर्थ ओढून आणायचा, तर मराठी घडणीप्रमाणे 'नाटकी' किंवा 'नाटककार' असे काही व्हावयास हवे होते. 'कर' आधी आणि 'नाटक' मागाहून अशी जुळणी आपली भाषा करीत नाही. ती फोड चमत्कृती म्हणून कानाला गोड लागते, आणि ज्ञानदेवांसारख्या शब्दप्रभूच्या मनात ती खेळलीही असेल. पण श्लेष म्हणजे दोन अर्थ. दोहोंपैकी एक काढून टाकला की उरतो तो श्लेष नव्हे. विठ्ठल हा कर्नाटकाचा, म्हणून कन्नडसारखाच आम्हांला न उमगणारा, आणि तरी आम्हांला वेड लावणारा, हा जो रस त्या दोन शब्दांत भरला आहे, तो पहिला अर्थ पुसताच ओघळून जातो.

आता इतिहासाचा पुरावा पाहा. पंढरपुरात होयसळ राजा सोमेश्वराचा इ. स. १२३७ चा शिलालेख आहे. त्यात संस्कृताबरोबर कन्नड भाषा आहे आणि गावाचे नाव 'पंडरगे' असे कन्नड वळणाचे आहे. ज्ञानदेवांच्या जन्माआधीची ही गोष्ट. 'विष्णु' या नावाचे कन्नडमध्ये 'बिट्टि', 'विट्टि' असे रूप होते. होयसळ विष्णुवर्धनाचे आधीचे नाव बिट्टिदेव होते, आणि याच वाटेने डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 'विठ्ठल' या नावाचा उलगडा केला. पंढरपूरपासून एका दिवसाच्या चालीवर मंगळवेढे आहे. चोखोबांचे, कान्होपात्रेचे आणि दामाजीपंतांचे म्हणून आपण ते ओळखतो. पण त्यांच्या आधी बाराव्या शतकात तेथे कलचुरी बिज्जळाची राजधानी होती, आणि कन्नड वचनकार बसवेश्वर तेथे राजसेवेत होते. त्याच शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वर कन्नडमध्ये वचने रचीत होते. भीमेच्या काठी या दोन भाषा इतक्या खेटून नांदत होत्या की, तेथल्या देवाला कानडा म्हणणे हे कोडे घालणे नव्हते. डोळ्यांना दिसत होते तेच बोलणे होते.

या विषयाचे संशोधन करणाऱ्यांत मराठी माणसेच पुढे होती. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ दक्षिणेतल्या गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, आणि पुढे त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या धारवाडचे शं. बा. जोशी यांनी तर महाराष्ट्राच्या भूमीवरचे कन्नडचे ठसे शोधण्यात हयात घालवली. त्यांनी कन्नडमध्ये लिहिले तसेच मराठीतही लिहिले. त्यांचे सगळे निष्कर्ष सर्वांना पटले असे नाही. पण त्यांना उत्तर द्यायचे, तर पुराव्याने द्यावे लागते. दोन शब्दांचा अर्थ बदलून ते काम भागत नाही.

येथवर वाचून आमचे काही कन्नडाभिमानी मित्र संतुष्ट होतील. त्यांचे समाधान फार वेळ टिकू देण्याची आमची इच्छा नाही. कारण त्यांच्याही बाजूने दोन चुकीची विधाने वारंवार होत असतात.

पहिले विधान असे की, विठ्ठल मूळचा कन्नड, तेव्हा मराठी लोकांनी तो पळवला. देव हा काही एका तालुक्यातून दुसऱ्यात हलवलेला दगड नव्हे. ज्या अभंगावरून विठ्ठल कानडा ठरतो, तो अभंग मराठी आहे, हे या मित्रांनी विसरू नये. आपल्या देवाला शेजाऱ्याचे नाव देऊन त्याच्यावर जीव ओवाळणारा कवी मराठीत झाला, यात मराठीचा कमीपणा नाही, मोठेपणा आहे. आणि देणेघेणे एकाच बाजूने झालेले नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ अक्षरांच्या सोबत मराठी अक्षरे कोरलेली आहेत, आणि त्या मराठी लेखातच 'सुत्ताले' हा कन्नड शब्द येऊन बसला आहे. आपण 'अण्णा', 'अक्का' म्हणतो, भातावर 'तूप' घेतो, 'अडकित्त्या'ने सुपारी कातरतो. हे शब्द कन्नडचे. धारवाडचा कन्नड माणूस 'बरोबरी' म्हणतो. तो शब्द फारसीतून मराठीत आणि मराठीतून त्याच्या तोंडी आला. पुरंदरदासांनी आपल्या पदांना 'पुरंदर विठ्ठल' अशी मुद्रा घातली, विजयदासांनी 'विजय विठ्ठल' अशी घातली. एकच देव दोन भाषांत सही करतो आहे. त्याची मालकी सांगणारे आपण कोण?

दुसरे विधान असे की, 'कानडी' हा शब्दच मुळी अपमानाचा आहे. शब्दाच्या घडणीत अपमान नाही, हे वर दाखवलेच आहे. पण एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने मान्य करतो की, हा शब्द तुच्छतेने उच्चारणारी तोंडे होती आणि आहेत. ज्याचे नाव आहे, त्याला ते कसे घ्यावे असे वाटते, याला सभ्य समाजात किंमत असते. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. १९१७ साली आलूर वेंकटराव यांचे 'कर्नाटक गतवैभव' प्रसिद्ध झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी कन्नड प्रदेश एका राज्यात आले, पण त्या राज्याचे नाव म्हैसूर राहिले. 'कर्नाटक' हे नाव मिळाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी, आणि ते पाहायला आलूर वेंकटराव उरले नव्हते. १९६४ सालीच ते निवर्तले होते. ज्या नावासाठी लोकांनी एवढी वाट पाहिली, त्या नावाचा मान राखणे हे शेजारधर्माचे पहिले कलम आहे. म्हणून आमचे मत असे की, आजच्या बोलण्यात आणि लिहिण्यात आपण त्या भाषेला 'कन्नड' म्हणावे. अभंगातला 'कानडा' मात्र जसाच्या तसा राहू द्यावा. त्याला बदलू नये, आणि त्याचा अर्थही चोरू नये.

आता आपल्याच समाजाविषयी दोन शब्द. आमच्यापैकी पुष्कळांना वाटते की, हा मराठी आणि कन्नड यांचा वाद आहे. आपण कोकणी, आपल्याला त्यात काय? अशा बांधवांना आपल्याच पूर्वजांचे नाव काय होते ते ठाऊक नसावे. पोर्तुगीज गोव्यात आले आणि त्यांनी तेथल्या लोकांना नाव दिले 'कनारीं', म्हणजे कानडे. आपली कोकणी भाषा त्यांच्या ग्रंथांत 'कनारीं भाषा' होती. फादर टॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली राचोल येथे छापले गेले, ते 'कनारीं' भाषेचे व्याकरण म्हणून. १८५७ साली कुन्य रिवार यांनी तेच पुन्हा छापले, तेव्हा कोठे मुखपृष्ठावर 'कोंकणी' हे नाव आले. गोव्यावर कदंबांचे राज्य होते आणि त्या कदंबांची एक राजधानी आपल्या बाजूला हलशीस होती. पुढे विजयनगरची सत्ता तेथे पोहोचली. तेव्हा किनाऱ्यावर जे नाव ऐकू आले, ते परक्यांनी सरसकट सर्वांना लावले. पुढे त्याच नावाला पोर्तुगीज तोंडात हेटाळणीचा वास येऊ लागला. नाव तेच; घाण तोंडाची.

सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, आणि माणसे देव डोक्यावर घेऊन आणखी दक्षिणेस उतरली. कारवार, अंकोला, कुमठा, भटकळ, मंगळूर. त्या किनाऱ्याला इंग्रजांनी 'कॅनरा' म्हटले. म्हणजे गोव्यात आपण कानडे ठरलो. कानडी मुलुखात आलो, तर कोकणी ठरलो. १८६२ साली उत्तर कॅनरा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि आपली माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस गेली, तर तेथे पुन्हा कानडी ठरली. आणि धारवाडात मराठी अभंग म्हणतो म्हणून मराठी ठरतो. ज्या समाजाच्या कपाळावर दुसऱ्यांनी एवढी नावे चिकटवली, त्याने तरी दुसऱ्याच्या नावाला हात लावताना दहा वेळा विचार करावा. 'कानडा' या शब्दातून कानडा माणूस हाकलून देण्याचे काम निदान आपल्या देवळात होऊ नये.

नावाची ही भ्रमंती येथेच संपत नाही. अर्काटच्या नबाबाचा मुलूख तमिळ. पण इंग्रजांनी त्याला 'कर्नाटिक' म्हटले, आणि १७४६ ते १७६३ या काळात इंग्रज-फ्रेंचांत झालेल्या 'कर्नाटक युद्धां'चे रण तमिळ भूमीवर माजले. दक्षिणेच्या संगीताला 'कर्नाटक संगीत' म्हणतात, आणि कर्नाटकातले आपले धारवाड मात्र हिंदुस्थानी संगीताचे माहेरघर. सवाई गंधर्व कुंदगोळचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, भीमसेन जोशी गदगचे. गंगूबाई हनगल हुबळीत राहिल्या. आणि या हिंदुस्थानी संगीतात रात्रीचा राजा कोण? कानडा. तानसेनाच्या नावावर सांगितला जाणारा दरबारी कानडा, नायकी कानडा, कौशी कानडा. कानड्याचे अठरा प्रकार सांगण्याची गवयांची जुनी चाल आहे. जयदेवांच्या 'गीतगोविंदा'त पदांवर जी रागनामे आहेत, त्यांत 'कर्णाट' आहे. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात 'कानडा' हा एक राग आहे. व्रजभूमीत त्याचे 'कान्हडा' झाले, आणि ऐकणाऱ्याला त्यात कान्हाही भेटू लागला. तेथेही दुसरा अर्थ जन्मला. पण त्यासाठी पहिला मारण्याची गरज कोणाला वाटली नाही. दरबारी गाताना कोणता गवई म्हणतो की, या रागाचा कर्नाटकाशी संबंध नाही, याचा अर्थ केवळ अगम्य राग असा आहे? रागाच्या बाबतीत जे हास्यास्पद, ते देवाच्या बाबतीत आध्यात्मिक कसे ठरते?

यावर शेवटचा आक्षेप येतो तो भक्तीचा. देवाला भाषा नसते, प्रांत नसतो. तेव्हा ही चिकित्सा कशाला, असे विचारले जाते. देवाला भाषा नसते हे आम्हांला शंभर टक्के मान्य. मग तो कन्नड नव्हता, हे सिद्ध करण्यासाठी एवढा आटापिटा का? ज्याला प्रांताचे सोयरसुतक नाही, त्याने प्रांताचे नाव ऐकून दचकण्याचेही कारण नाही. खरे पाहता भक्ताला देव नेहमी कोठला तरी असतो. तो द्वारकेचा असतो, पंढरीचा असतो, तिरुपतीचा असतो, प्रियोळचा असतो. निराकाराला गावाचे नाव देऊन जवळ ओढणे, हीच सगुण भक्तीची रीत. ज्ञानदेवांनी त्याला कानडा म्हटले, तेव्हा त्यांनी त्याला दूर लोटले नाही. परक्या बोलीचा म्हणून तो अधिकच हवाहवासा केला.

तेव्हा आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि भजनी मंडळांच्या चालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुस्तिकेत या अभंगाखाली टीप द्यायची, तर ती पुरी द्या. 'कानडा' म्हणजे कर्नाटकाचा, आणि त्यावरून आकळण्यास कठीण; 'कर्नाटकु' म्हणजे कर्नाटकातला, आणि शब्दाच्या खेळात लीलानाटके करणारा. दोन्ही अर्थ द्या, आणि ते याच क्रमाने द्या. ज्या मुलांना देवनागरीपेक्षा कन्नड लिपी सरावाची आहे, त्यांच्यासाठी अभंग कन्नड लिपीत छापा आणि अर्थ कन्नडमध्ये सांगा. त्याने अभंगाला बाध येत नाही. ज्ञानदेवांच्या अभंगामागोमाग पुरंदरदासांचे एक पद म्हणण्याचा पाठ ठेवा. बाहेरगावचे कीर्तनकार आले, तर त्यांना आदराने, पण आधीच सांगा की, येथे बसलेली मुले कन्नड शाळेत जातात, आणि या अभंगात त्यांचा वाटा आहे.

धारवाडने दोन्ही भाषांची भूक असलेली माणसे पाहिली आहेत. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि त्यांची कविता कन्नड होती; १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना त्याच कन्नड कवितेसाठी मिळाला, आणि मराठीतही त्यांनी लेखणी चालवली. अशा गावात 'कानडा' या शब्दाचा अर्थ लपवून सांगावा लागत असेल, तर दोष शब्दाचा नाही, सांगणाऱ्याच्या धैर्याचा आहे. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. त्यांना जे सांगायला लाज वाटली नाही, ते ऐकायला आपल्याला वाटू नये.